सूत, कातरण आणि पुठ्ठा : मे महिन्यातल्या वाढदिवसाची घरची सजावट

माझ्या लेकीचा, ईश्वरीचा, वाढदिवस मे महिन्यात येतो. सोलापूरचा मे म्हणजे काय, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. पारा ४२ अंशांच्या पुढे, पंखा दिवसभर पूर्ण वेगात आणि खिडकीत कूलर. तिच्या पहिल्या वाढदिवसाला मी बाजारातून चमकीच्या झिरमिळ्या आणि फुगे आणले होते. छताला लावलेल्या झिरमिळ्या पाहुणे यायच्या आत पंख्यानं ओढून काढल्या. दुपारी गच्चीवर बांधून ठेवलेले फुगे उन्हानं एकामागून एक फुटले. त्या आवाजांनी पोर इतकी घाबरली की औक्षणालाही माझ्या मांडीवरून उतरली नाही.

त्यानंतरच्या चारही वाढदिवसांची सजावट मी घरी केली, आणि कागदापेक्षा सुतावर आणि कापडावर जास्त भर दिला. कापड पंख्यानं फाटत नाही, कूलरच्या ओलीनं लोळागोळा होत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतं. शिवाय चादरी-टॉवेल विणणाऱ्या आणि शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या या गावात उरलेलं सूत आणि कापडाचं कातरण मागितलं तर मिळतं. मला जे जमलं ते इथं मापांसकट लिहिते आहे.

आधी भिंत ठरवा

सगळं घर सजवायला जाऊ नका. एकच भिंत निवडा, जिच्यासमोर औक्षण होईल, केक कापला जाईल आणि फोटो निघतील. आमचं साखर पेठेतलं घर भाड्याचं आहे, खिळा ठोकता येत नाही, आणि डिस्टेंपर इतकं जुनं की चिकटपट्टी काढताना रंगाचे पोपडे निघतात. म्हणून मी भिंतीला काहीच चिकटवत नाही. खिडकीच्या गजापासून समोरच्या दाराच्या चौकटीवरच्या कडीपर्यंत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी ताणून बांधते आणि सजावटीचा सगळा भार तिच्यावर टाकते.

दोरी बांधली की पंखा पूर्ण वेगात लावा आणि दोरीवर एक ओढणी टाकून बघा. ती उडत असेल तर ती जागा सजावटीची नाही. पंख्याच्या पात्यांखाली आणि आजूबाजूच्या हातभर पट्ट्यात काहीही लटकवायचं नाही, हा आमच्या घरातला पक्का नियम झाला आहे. कूलरच्या थेट झोतातही कागद नको. ओल्या हवेनं तो दोन तासांत मान टाकतो, आणि क्रेप कागदाला पाणी लागलं तर त्याचा रंग भिंतीवर उतरतो.

सामान कुठून जमवायचं

पूर्व भागात, जिथं अजून यंत्रमागांची खडखड चालते, तिथं एखादी तरी ओळख असतेच. माझ्या ओळखीच्या अक्कांच्या घरात दोन पिढ्या माग आहेत. त्यांच्याकडून मी दोन गोष्टी आणते : रंगीत सुताची उरलेली गुंडाळी आणि सूत संपलेले कागदी कोन. हे कोन वीतभराहून थोडे कमी उंच, कडक पुठ्ठ्याचे आणि वरच्या टोकाला भोक असलेले असतात. त्यांचं काय करायचं ते पुढे येतंच.

कातरणासाठी युनिफॉर्म शिवणाऱ्या टेलरला आठवडाभर आधी सांगून ठेवा. आयत्या वेळी गेलं तर गडद निळं आणि खाकीच हाती लागतं. आधी सांगितलं की गुलाबी, पिवळ्या आणि चौकड्याच्या पट्ट्या तो बाजूला काढून ठेवतो. कमी पडलं तर चाटी गल्लीत कटपीस मिळतात. घोटीव कागद, पतंगी कागद, कार्डशीट हे मधल्या मारुतीजवळ एका फेरीत होतं. पुठ्ठा मात्र विकत घेऊ नका. किराणा दुकानातला बिस्किटांचा किंवा साबणाचा रिकामा खोका मागून आणा.

थर्माकोलची अक्षरं आणि कमानी आणण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून तर देशभरात सजावटीचं थर्माकोल, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या आणि प्लॅस्टिकचे झेंडे या सगळ्यांवर बंदी आली.

मागचा पडदा : चादर

सोलापुरी चादर भिंतीवर लावली तर कोणत्याही विकतच्या पडद्यापेक्षा भारदस्त दिसते. तिचं विणकाम जाड असल्यानं ती पंख्यानं फडफडत नाही. पण तिला वजन आहे, म्हणून दोरी मजबूत हवी. वरची कड दोरीवरून चार बोटं मागे दुमडा आणि दर वीतभर अंतरावर कपड्याचा चिमटा लावा. एकेरी चादरीला ७-८ चिमटे लागतात. लाकडी चिमटे असतील तर तेच छान दिसतात.

चादरीवरची नक्षी ठसठशीत असते आणि तिच्यावर लावलेली बारीक सजावट दिसतच नाही. त्यासाठी आधी चादर उलटी करून बघा. बऱ्याच चादरींत मागच्या बाजूला रंगांची अदलाबदल झालेली असते, आणि एखादी बाजू जास्त शांत वाटते. तरीही नक्षी डोळ्यात भरत असेल तर मधोमध साध्या रंगाचा टॉवेल आडवा टाका आणि नाव त्याच्यावर लावा. दोरीचा भरवसा वाटत नसेल तर चादरीऐवजी जुनी सुती साडी घ्या. ती हलकी असते, फक्त खालच्या कडेला चार-पाच चिमटे वजन म्हणून लावावे लागतात.

कापडी पताका

आमच्या भिंतीची लांबी १२ फूट. पताका मधे झोल देऊन सोडायची असेल तर लांबी थोडी जास्त धरावी लागते, म्हणून १४ फूट सुती पट्टी आणि दोन्ही टोकांना बांधायला एकेक फूट, अशी १६ फूट पट्टी मी घेते. पताका किती लागतील हे असं काढा : एका त्रिकोणाची वरची कड ६ इंच, दोन त्रिकोणांत अंतर २ इंच, म्हणजे एका पताकेला ८ इंच. १४ फूट म्हणजे १६८ इंच. भागाकार २१. तेवढ्या पताका पुरतात.

कापताना कापड वाया जाऊ नये म्हणून एकेक त्रिकोण वेगळा आखू नका. ३६ इंच लांब आणि ८ इंच रुंद पट्टी घ्या. वरच्या कडेवर ०, ६, १२ अशा खुणा करा आणि खालच्या कडेवर ३, ९, १५ अशा. मग वरून खाली, खालून वर नागमोडी रेघ जोडत जा. एक त्रिकोण सरळ, पुढचा उलटा, असे एका पट्टीतून ११ त्रिकोण निघतात. दोन पट्ट्यांत २२. एक शिल्लक राहतो, तो ठेवून द्या. कातरणाचे तुकडे लहान असतील तर पुठ्ठ्याचा एक त्रिकोण कापून तो ठेवून आखा.

कडांचे दोरे सुटू नयेत म्हणून दातेरी कात्री असेल तर ती वापरा. नसेल तर कडेवर पातळ खळीचं बोट फिरवून वाळवा, तेवढ्यानं काम होतं. मग सुती पट्टी लांबीत दुमडून तिच्या पोटात त्रिकोणाची वरची कड घाला आणि धावदोरा टाका. शिलाई मशीन असेल तर अर्ध्या तासाचं काम, हातानं दोन संध्याकाळी लागतात. मी हातानंच घालते. ईश्वरी शेजारी बसून पुढचा रंग कोणता ते सांगत असते. तिनं चार वर्षांची असताना सलग पाच पिवळ्या लावायला सांगितल्या आणि मी लावल्या. त्या आजही तशाच आहेत.

देवनागरीत नाव : शिरोरेषेची युक्ती

बाजारात इंग्रजी अक्षरांचे संच सहज मिळतात, त्यामुळे मराठी बोलणाऱ्या घरातही पोराचं नाव भिंतीवर इंग्रजीत दिसतं. मला मनापासून वाटतं की जे मूल नुकतं आपलं नाव गिरवायला लागलं आहे, त्यानं ते आपल्या लिपीत भिंतीवर मोठं पाहावं. देवनागरी अक्षरं कापणं अवघडही नाही. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी ओवावी लागतात. आपल्या लिपीत अक्षरांना जोडणारी रेघ आयतीच आहे. शिरोरेषा हीच लटकवायची पट्टी करा.

प्रत्येक अक्षर ८ इंच उंच आणि साधारण ७ इंच रुंद धरा. जोडाक्षराला ९ इंच लागतात. 'ईश्वरी'चा हिशेब असा : ई ७, श्व ९, री ७, मधली दोन अंतरं एकेक इंच, दोन्ही टोकांना दीड-दीड इंच. एकूण २८ इंच. तेवढ्या लांबीची आणि २ इंच रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी कापा. ही झाली शिरोरेषा.

आता अक्षरं आधी वर्तमानपत्रावर काढा, पुठ्ठ्यावर नको. अक्षराचा दांडा दीड इंच जाड ठेवा. त्याहून बारीक केला तर पुठ्ठा वाकतो आणि लांबून वाचता येत नाही. वर्तमानपत्राचं अक्षर कापून चादरीवर धरा, दाराशी जाऊन बघा, मग पुठ्ठ्यावर आखा. प्रत्येक अक्षर वरच्या बाजूला एक इंच जास्त ठेवायचं. तेवढा भाग पट्टीच्या मागे जाऊन चिकटतो. जे शिरोरेषेच्या वर जातं, म्हणजे वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, ते वेगळं कापून पट्टीच्या मागून वर काढायचं. उकार आणि ऋकार अक्षराच्या खाली वेगळे चिकटवायचे, पण त्यांना मागून पुठ्ठ्याची छोटी पट्टी आधाराला द्या, नाहीतर तेच आधी गळतात.

एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. ध, भ आणि थ या अक्षरांवर शिरोरेषा सलग नसते, डावीकडे तुटलेली असते. आपली पट्टी मात्र सलग आहे. त्यामुळे धनश्रीची 'घनश्री' होते आणि भार्गवचा 'मार्गव'. माझ्या भाचीच्या वेळी हे लक्षात यायला उशीर झाला होता. पट्टी कापू नका, ती कमजोर होते. त्या अक्षराच्या डाव्या भागावर, पट्टीवर, दीड इंचाचा मागच्या पडद्याच्याच रंगाचा कागद चिकटवा. लांबून रेघ तुटलेली दिसते आणि अक्षर बरोबर वाचलं जातं.

पुठ्ठ्यावर घोटीव कागद चिकटवायचा किंवा रंग द्यायचा. मी तिसरा मार्ग घेते : अक्षराला खळ लावून त्यावर सूत आडवं गुंडाळते. वेळ जास्त लागतो, एका अक्षराला पाऊण तास. पण ते अक्षर जवळून हात लावून बघावंसं वाटतं, आणि मुलं खरोखरच बोट फिरवून नाव गिरवतात.

खळ

बाटलीतला डिंक इतक्या कामाला महाग पडतो. ४ मोठे चमचे मैदा अर्धा कप थंड पाण्यात गुठळी न होता कालवा. दोन कप पाणी उकळा, आच मंद करा, मैद्याचं पाणी बारीक धारेनं सोडत ढवळत राहा. तीन-चार मिनिटांत खळ दाट आणि थोडी पारदर्शक होते. खाली उतरवून गाळा आणि चिमूटभर तुरटीची पूड घाला. उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकते, मग आंबूस वास येतो. आमच्या लहानपणी खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे. मुलांचे हात ज्या कामात लागणार त्यात ते अजिबात घालू नका.

खळ लावलेल्या वस्तू सावलीत वाळवा. उन्हात ठेवल्या की पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. झुरळं आणि मुंग्या खळीला लागतात, म्हणून रात्री त्या वस्तू जमिनीवर ठेवायच्या नाहीत.

गोंडे आणि कोनांच्या घंटा

मुलांच्या हातांना सगळ्यात छान जमतं ते गोंड्याचं काम. पुठ्ठ्याच्या ४ इंच व्यासाच्या दोन चकत्या कापा, प्रत्येकीच्या मधोमध दीड इंचाचं भोक. दोन्ही एकमेकींवर ठेवून भोकातून सूत काढत गोल गुंडाळायचं. मागाचं सूत बारीक असतं, म्हणून ८ पदर एकत्र घ्या, म्हणजे ६०-७० वेढ्यांत चकती भरते. मग बाहेरच्या कडेनं दोन चकत्यांच्या मधे कात्री घालून सूत कापा. हे मोठ्यांनीच करावं. चकत्या किंचित दूर करून मधे मजबूत दोरा दोनदा फिरवून आवळून गाठ मारा, चकत्या काढा, गोंडा चोळून गोल कातरा. अडीच इंचांचा टपोरा गोंडा तयार होतो. गाठ सैल राहिली तर सूत एकेक करून निघून येतं, त्यामुळे दोरा दातांत धरून ओढण्याइतका आवळा.

लोंबते गोंडे याहून सोपे. जुन्या पोस्टकार्डावर ८ पदरी सूत लांबीच्या बाजूनं १२ वेळा गुंडाळा, वरच्या टोकाशी दोरा ओवून बांधा, खालून कापा, वरून बोटभर खाली गळ्याशी सूत गुंडाळा.

आता ते कोन. कोनाला बाहेरून खळ लावा आणि खालून वर सूत गुंडाळत जा, दोन बोटांनंतर रंग बदला. वाळला की लोंबत्या गोंड्याचा दोरा आतून वर, टोकाच्या भोकातून बाहेर काढा आणि आगपेटीच्या काडीला बांधा, म्हणजे तो परत आत सरकणार नाही. काडीचं गुलाचं टोक आधी मोडून टाका. घंटेसारखा हा कोन दोरीवर उभा लटकतो, वजन असल्यामुळे वाऱ्यानं नुसता डोलतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पुरतात. उरलेले कोन टेबलावर उभे ठेवा, किंवा दोन भोकं पाडून इलॅस्टिक लावा, लहान पोरांच्या डोक्यावर तिरप्या टोप्या बसतात.

कागदाची फुलं, थोडीच

कागद अगदीच नको असं नाही. पतंगी कागदाचे १० बाय १५ इंचांचे ८ तुकडे एकावर एक ठेवा, १५ इंचांच्या बाजूनं सव्वा इंचाच्या पंख्यासारख्या घड्या घाला, मधे दोरा आवळा, दोन्ही टोकं गोल कातरा आणि एकेक पापुद्रा हळूच मधल्या गाठीकडे उचला. दहा इंचांचं फूल होतं. चार फुलं पुरे, तीही कूलरपासून लांबच्या कोपऱ्यात.

फुगे

मुलांना फुगे हवेच असतात. त्याच दिवशी, संध्याकाळी चार नंतर फुगवा. पूर्ण ताणून फुगवू नका, मानेशी थोडी ढिलाई ठेवा, कारण उकाड्यात आतली हवा प्रसरण पावते. गच्चीवर किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लगेच उचलायचा, ही जबाबदारी एका मोठ्या माणसाला नेमून द्या. लहान मुलं तो तोंडात घालतात, आणि घशात चिकटला तर श्वास कोंडतो. गॅसचे फुगे मी घरात आणत नाही. विकणाऱ्याकडे अनेकदा हायड्रोजन असतो, आणि तो ठिणगीनं पेट घेतो.

औक्षणाची जागा

आपल्याकडे वाढदिवस म्हणजे औक्षण आलं, आणि औक्षण म्हणजे पेटतं निरांजन. सूत, कापड, कागद सगळंच जळणारं. म्हणून पाट किंवा चौरंग पडद्यापासून निदान तीन फूट पुढे मांडा. तबक ठेवायला बाजूला स्टूल हवं, पडद्याखालच्या टेबलावर नको. औक्षणाच्या पाच मिनिटांपुरता पंखा मंद करा, ज्योत आडवी होत नाही. केकवर ठिणग्या उडवणारी मेणबत्ती नको, आणि डबीतून फवारायचा फेस तर मुळीच नको. तो मेणबत्तीजवळ भडकतो.

पाटाभोवती रांगोळी काढायचीच. सजावटीतले दोन रंग निवडून त्यांचीच काढा, बाकी काही न करता भिंत आणि जमीन एकमेकींशी जुळून येतात.

कामाची वाटणी

आठ दिवस आधी सूत आणि कातरण जमवा. सात ते पाच दिवस आधी पताका. चार दिवस आधी खळ करून अक्षरं आणि कोन एकाच बैठकीत, म्हणजे खळ वाया जात नाही. गोंडे मुलं रोज संध्याकाळी दोन-दोन करतात. आदल्या रात्री दोरी, चादर, पताका आणि नाव लावून पंखा दहा मिनिटं पूर्ण वेगात चालवा. जे पडायचं ते तेव्हाच पडू दे. वाढदिवसाच्या दिवशी फक्त फुगे, फुलं आणि रांगोळी उरली पाहिजे. तुम्हालाही आंघोळ करून नवी साडी नेसायला वेळ हवा.

तीन-चार वर्षांच्या मुलांना कात्री देऊ नका, कागद फाडणं आणि खळ फासणं एवढंच द्या. पाच-सहा वर्षांची मुलं सूत मनापासून गुंडाळतात. आठच्या पुढची धावदोरा घालू शकतात.

उतरवताना

फुलं आणि फुगे सोडून सगळं पुन्हा वापरता येतं. पताका गुंडाळू नका, घडी घालून जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा, सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला. अक्षरांची पट्टी आडवी, गादीखाली. गोंडे आणि घंटा टांगून ठेवल्या तर दबत नाहीत. गणपतीत आमच्या याच पताका मखराभोवती लागतात.

दर वर्षी मी एक पताका बदलते. त्या वर्षी आखूड झालेल्या फ्रॉकचा त्रिकोण कापून मधोमध लावायचा आणि मागे पेनानं साल लिहायचं. अशा चार झाल्या आहेत. यंदासाठी ईश्वरीनं बालवाडीच्या युनिफॉर्मचा खिसा मागितला आहे, खिसाच लावायचा, त्रिकोण नको म्हणते. तो उसवून मी अभ्र्यात ठेवून दिला आहे.